मिसा संपल्यावर

मस्कतहून खोका आला. वर भावाच्या अक्षरात माझं नाव,
आत जुन्या टॉवेलांत गुंडाळलेला सुपरचार्जर,
आणि जागा रिकामी जाऊ नये म्हणून
दोन किलो खजूर.

माझी पिकप केरीहून नारळ घेऊन चोर्ल्याचा घाट चढते,
बेळगावहून कोबी-गाजरं घेऊन उतरते.
उतरण्याबद्दल तक्रार नाही.
चढताना मात्र तिसऱ्या वळणापासून
मागच्या बसचा हॉर्न माझ्या मानेवर येऊन बसतो
आणि मी पहिल्या गिअरात,
जणू एकेक नारळ मोजत चाललेली.

पर्वरीच्या शोरूममध्ये कॉफी फुकट.
काचेपलीकडे गाड्या उचलून धरलेल्या,
काचेअलीकडे माणसं.
कोऱ्या शर्टातल्या मुलाने कागद सरकवला:
मजुरी, गॅस्केट, ट्यूनिंग, कर,
आणि बाहेरचा पार्ट लावण्याबद्दल वेगळी एक ओळ,
तिच्यापुढचा आकडा सगळ्यांत लांब.
"मिस्टर नाही आले?"
म्हटलं, लायसन माझ्या नावावर आहे.

मग घरीच.
भाऊ फोनवरून म्हणाला, आधी बॅटरीची वायर काढ,
मग देवाचं नाव घे. क्रम चुकवू नको.
दोन संध्याकाळी गोठ्यात बॉनेट उघडं.
साईश टॉर्च धरायचा,
कंटाळला की उजेड पालीवर, फणसावर,
माझ्या केसांतल्या ग्रीसवर.
आठातले सात बोल्ट निघाले.
आठवा तुटला,
अर्धा माझ्या हातात, अर्धा इंजिनात,
आणि गोठ्यात एवढी शांतता
की काजूच्या बागेत बोंडू पडल्याचं ऐकू आलं.

तो अर्धा रुमालात बांधून
बसने पुन्हा पर्वरीला गेले.
फाटकाशीच कायतान भेटला, हात पुसत.
रुमाल उघडून पाहिला, पुन्हा बांधला,
माझ्या हातात ठेवला.
"हें हांगा दाखय नाका," म्हणाला. "आयतारा येतां."

रविवारी मिसा संपल्यावर
हळदोण्याहून तीन बस बदलून आला,
इस्त्रीची पँट, पिशवीत जुनी पँट,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाने.
उरलेला अर्धा बोल्ट त्याने बाहेर काढला
तिसऱ्यो उघडतात तसा,
कवच न दुखवता.
मी हुर्राकाची बाटली आणली,
त्याने ती विहिरीच्या काठावर ठेवायला सांगितली,
तिथून दिसेल अशी.

शेवटच्या बोल्टांना माझ्या हातात पाना दिला. "तूं कर."
त्या पान्याने टक् म्हटलं की थांबायचं.
मला वाटत होतं, घट्ट म्हणजे अजून घट्ट.
अर्धं आयुष्य मी त्या टक्-च्या पुढे गेलेय.

पैसे त्याने मोजून घेतले,
आधी बोललेले तेवढेच.
मग बाटलीकडे न बघता म्हणाला, "म्हाका घाटार व्हर."
बावीस वर्षं तो गाड्या उघडतोय, मिटतोय,
किल्ली काचेपलीकडे जाते,
गाडी फाटकाबाहेर जाते,
आणि चढावर ती काय बोलते
हे कुणी परत येऊन सांगत नाही.
तक्रार असली तरच सांगतात.

सहाशे नारळ भरले. साईश मध्ये बसला.
तिसरं वळण आलं,
इंजिनातून बारीक शीळ निघाली,
आणि मी दुसऱ्या गिअरात आहे
हे मला वळण संपल्यावर कळलं.
बस मागे राहिली. हॉर्न नाही.
कायतान डोळे मिटून, डोकं खिडकीला टेकून;
मला वाटलं झोपला.

माथ्यावर चहाच्या टपरीशी गाडी थांबवली
तसे त्याने डोळे उघडले.
"पट्टो मातसो ढिलो," म्हणाला.
"फुडल्या आयतारा."
आणि खजुराची बी
खिडकीतून दरीत टाकली.